डबी लपवावी, पण शहरापासून लपवू नये

बेवारस वस्तूला हात लावू नका, दिसल्यास पोलिसांना कळवा. मुंबईच्या कुठल्याही स्टेशनावर ही सूचना दिवसभर कानावर पडत असते. १२ मार्च १९९३, ११ जुलै २००६, २६ नोव्हेंबर २००८, १३ जुलै २०११ या बॉम्बस्फोटांच्या आणि हल्ल्यांच्या तारखा ज्यांनी इथे राहून पाहिल्या, त्यांना तिचं कारण समजावून सांगावं लागत नाही. लोकलमध्ये रॅकवर एखादी पिशवी एकटी दिसली की कुणीतरी मोठ्याने विचारतंच, "ही बॅग कुणाची?" ही सवय चांगली आहे, ती सुटू नये असंच मला वाटतं. आणि तरीही याच शहरात, बागेतल्या बाकाखाली किंवा टेकडीच्या वाटेवर एखाद्या झाडाच्या बुंध्याशी मुद्दाम एक छोटी डबी ठेवून यायची, अनोळखी माणसांनी ती शोधून काढायची, अशा छंदाची बाजू मी इथे मांडणार आहे. माझं म्हणणं असं की हा छंद मुंबईत वाढावा, पण नोंद करून, जागेच्या मालकाच्या परवानगीने, पोलिसांना माहीत असताना वाढावा. आज तो जसा कुणालाही न विचारता चालतो, तसा चालू नये. महापालिकेने त्याला परवानगीची एक सोपी वाट द्यावी आणि आम्ही हा छंद करणाऱ्यांनी तीच वाट धरावी.

छंदाचं नाव जिओकॅशिंग. तो कधी जन्मला हे नेमकं सांगता येतं. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांकडून नागरिकांना मिळणारे संकेत पूर्वी मुद्दाम बिघडवलेले असत, त्यामुळे हातातलं यंत्र आपली जागा शंभर मीटरपर्यंत चुकीची दाखवी. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या निर्णयाने मे २००० च्या सुरुवातीला ही बिघडवणी थांबली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली. तिच्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल असं काहीबाही आणि नावं लिहायला एक वही. तिचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले आणि थोड्याच दिवसांत लोक ती शोधत तिथवर पोहोचले. त्या घटनेला पंचवीस वर्षं होऊन गेली. आज जगभरात अशा तीस लाखांहून अधिक डब्या आहेत. मुंबईतही आहेत, पण जगाच्या मानाने अगदी मोजक्या.

नियम साधे आहेत. सापडलेल्या डबीतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची. डबीतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. डबी जिथे होती तिथेच, तशीच परत ठेवायची. पहिली बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती, आता मात्र खड्डा खणायला मनाई आहे. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. शोध किती अवघड आणि वाट किती खडतर, हे प्रत्येक डबीसाठी एक ते पाच अशा श्रेणीत आधीच सांगितलेलं असतं, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसालाही आपल्यासाठी कोणती ते कळतं. नवी डबी इंटरनेटवरच्या यादीत घेण्याआधी स्वयंसेवक परीक्षक तिचा तपशील तपासतात. आणि या नियमावलीत एक वाक्य आहे, जे मुंबईत सगळ्यात जास्त मोडलं जातं: जागेच्या मालकाची परवानगी घ्या.

आता शंका घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न घेते. लोक म्हणतात, फोन हातात धरून फिरण्यात मोकळ्या हवेचा छंद कसला? याचं उत्तर हे तंत्र मुंबईत कसं चालतं त्यात आहे. डबीची जागा अंश आणि मिनिटं अशी लिहितात, मिनिटाच्या पुढे दशांशाचे तीन आकडे. शेवटचा आकडा एकाने बदलला की उत्तर-दक्षिण जागा सुमारे १.८५ मीटर सरकते. कागदावर एवढी अचूकता. पण उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आणि त्यांचा संकेत आपल्यापर्यंत येतो तो उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून. शिवाजी पार्कच्या मैदानात फोन जागा बऱ्यापैकी नेमकी दाखवतो, काळबादेवीच्या गल्लीत तोच बाण रस्त्याच्या या बाजूकडून त्या बाजूला उड्या मारतो. म्हणजे यंत्र माणसाला जागेच्या जवळ आणून सोडतं आणि तिथून पुढे त्याचा उपयोग संपतो. शेवटच्या दहा मीटरांत फोन खिशात ठेवावा लागतो आणि मग खरं काम सुरू होतं. कुंपणाचा कोणता गज नवा दिसतो, या खोडाला ढोली आहे का, हा दगड बाकीच्या दगडांपेक्षा वेगळा का? ज्या बागेतून आपण वर्षानुवर्षं चालत गेलो तिथे आपण पहिल्यांदा थांबून पाहतो. हे थांबून पाहणं मला फार मोलाचं वाटतं आणि माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे.

मुंबईत पाहण्यासारखं एवढं आहे आणि त्यातलं एवढं नजरेआड गेलं आहे की वाईट वाटतं. धारावीत बेस्टच्या काळा किल्ला आगाराच्या मागे खरोखरच एक किल्ला आहे. रिवा किल्ला किंवा काळा किल्ला. गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या हुकुमावरून १७३७ साली बांधला, असा शिलालेख त्याच्या भिंतीवर आहे. बसमध्ये 'एक काळा किल्ला द्या' म्हणून तिकीट मागणाऱ्या किती जणांनी तो पाहिला असेल? चहूबाजूंनी वस्ती दाटली आहे, वाट अरुंद आहे, आणि तिथे जायला कुणालाच काही कारण उरलेलं नाही.

अशा जागी डबी ठेवू नये, असं मी म्हणते. लोकांच्या दाराशी अनोळखी माणसांनी येऊन कानेकोपरे चाचपणं बरं नव्हे. पण या छंदात टप्प्याटप्प्याने उलगडणारा एक प्रकार आहे. पहिल्या जागी काहीच लपवलेलं नसतं. तिथे फक्त एखादी गोष्ट वाचायची, तिच्यातून आकडे घ्यायचे, आणि त्या आकड्यांवरून पुढच्या जागेचे अक्षांश-रेखांश काढायचे. काळ्या किल्ल्याच्या शिलालेखातले एक, सात, तीन, सात हे आकडे त्यासाठी तयारच आहेत. आणि शेवटची डबी जवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात, उद्यानाच्या व्यवस्थापनाला विचारून ठेवता येईल. एकेकाळी शहराचा कचरा जिथे टाकला जाई त्या जमिनीवर झाडं लावून हे उद्यान उभं राहिलं आणि १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. एका सकाळी एखाद्या मुलीने हे दोन्ही पाहिलं, तर धारावीबद्दल तिला जे कळेल ते बातम्यांतून कळण्याजोगं नाही.

मैलाच्या दगडांचंही तसंच. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ साली उपासनेसाठी खुलं झालं. ब्रिटिश काळात मुंबईतली अंतरं त्या चर्चपासून मोजत. त्या हिशोबाचे, रोमन आकडे कोरलेले दगड शहरात ठिकठिकाणी बसवले होते. काही डॉ. आंबेडकर मार्गावर होते. फुटपाथ उंच होत गेले तसे बरेच दगड जमिनीत बुडाले. वारसाप्रेमींनी पाठपुरावा केला म्हणून त्यातले काही पुन्हा वर काढले गेले. एकेका दगडावरचा आकडा वाचत शहर पायी ओलांडायचं, ही कल्पनाच किती चांगली आहे! मशीद बंदरच्या भात बाजारातलं केशवजी नायक कारंजं १८७६ चं. माझगाव, गिरगाव, वांद्र्याच्या जुन्या गावठाणांत १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले क्रॉस आहेत. तिथेही डबी नको, कारण ती लोकांच्या श्रद्धेची ठिकाणं आहेत. पण कोरलेलं वर्ष वाचायला कुणाची हरकत नसते.

आणि गिल्बर्ट हिल. अंधेरी पश्चिमेला, इमारतींच्या मधोमध, बेसाल्टच्या उभ्या खांबांची सुमारे ६१ मीटर उंचीची ही टेकडी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची खूण आहे. माथ्यावर गावदेवीचं मंदिर. खाणकामाने तिचे लचके तोडले गेले, मग आजूबाजूला इमारती आल्या. महापालिकेने तिला वारसा यादीत घेतलं आहे. जिओकॅशिंगमध्ये अशा जागांसाठी 'अर्थकॅश' नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यात डबी नसतेच. जागेच्या भूगर्भशास्त्राबद्दल थोडी माहिती दिलेली असते आणि तिथे उभं राहून, निरखून उत्तर द्यावं लागेल असे प्रश्न असतात. खांबांना बाजू किती दिसतात? ते सरळ आहेत की वाकलेले? इमारतींच्या गर्दीतून हा कडा पूर्ण दिसेल अशी जागा कुठली? शाळेच्या पुस्तकात दख्खनच्या पठाराचा धडा असतो आणि त्याच पठाराचा उघडा कडा मुंबईच्या मुलांपासून मेट्रोच्या एका तिकिटावर आहे. तो धडा तिथे जाऊन का शिकवू नये?

इतकं सगळं डबीवाचूनच साधत असेल तर डबी हवीच कशाला, असं कुणी विचारेल. हवी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं कारण हे की डबीला राखणदार लागतो. जो माणूस डबी ठेवतो त्याने ती सांभाळायची असते. वही भिजली तर बदलायची, डबी हरवली तर दुसरी ठेवायची किंवा यादीतून काढून टाकायची. परगावच्या पाहुण्याने सहलीत डबी ठेवून निघून जाणं नियमात बसत नाही ते याचसाठी. म्हणजे शहराच्या एका कोपऱ्याशी एका नागरिकाचं नियमित येणंजाणं सुरू होतं. कुंपण वाकलं आहे, झाडाच्या मुळाशी कुणी डेब्रिज टाकलं आहे, बाकाची फळी निघाली आहे, हे त्याला महिन्याभरात कळतं, कारण ती आता त्याची जागा असते. २००२ पासून जगभर या छंदाची माणसं शोधायला जाताना कचऱ्याची पिशवी बरोबर नेण्याचा उपक्रम चालवतात. येताना वाटेवरचं प्लास्टिक उचलून आणायचं, एवढाच तो उपक्रम. मुंबईत किनारे साफ करणारी माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एका दिवसाच्या मोहिमेनंतर त्या जागेकडे पुन्हा पुन्हा येणारं कुणीतरी लागतं, आणि डबी माणसाला पुन्हा पुन्हा यायला लावते.

दुसरं कारण वहीचं. आपल्या गडकोटांच्या भिंतींवर कोरलेली नावं आणि बाण घुसलेले बदाम पाहून संताप येतो. पण 'मी इथे आलो होतो' असं कुठेतरी लिहावं ही इच्छा काही वाईट नाही, तिला जागा चुकीची मिळते. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली, तिथवर पोहोचलेल्यांनी आपलं कार्ड त्यात टाकावं म्हणून. तिथून पेटीत नाव नोंदवण्याचा एक छंदच सुरू झाला आणि तो अजून चालू आहे. दगडावर टोकदार खडा चालवणाऱ्या हाताला आपण वही दिली तर? सगळे हात थांबणार नाहीत, पण काही थांबतील, आणि एकेका भिंतीसाठी तेही पुष्कळ आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हा छंद आज मुंबईत कोण करू शकतं?

मी पन्नाशीची बाई आहे. पाठीवर सॅक, डोक्यावर टोपी. बागेत वाकून बाकाखाली बघताना मला कुणी हटकलं तर "मॅडम, काही हरवलं का?" असं विचारतात आणि बहुतेक वेळा रखवालदार स्वतःच शोधायला मदत करू लागतो. एकदा माझ्याबरोबर आमच्या ओळखीतला एक तरुण मुलगा होता, वस्तीत राहणारा, हुशार, कोडी सोडवण्यात माझ्या कितीतरी पुढे. मी दहा पावलं मागे होते. त्याला आलेला प्रश्न होता, "ए, काय शोधतोस रे तिथे? चल नीघ." मी पुढे होऊन सांगितल्यावर आवाज बदलला. तो मुलगा काही बोलला नाही, पण नंतर एकट्याने कधी गेला नाही. मुंबईत गोवंडीच्या, धारावीच्या, भेंडीबाजारच्या मुलाने कुठल्याशा कोपऱ्यात काहीतरी चाचपत उभं राहणं किती धोक्याचं आहे हे त्यालाही माहीत असतं आणि त्याच्या आईलाही. सगळं गैरसमजावर आणि चेहऱ्यावर चालतं तेव्हा परवानगी नसल्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. माझ्यासारखीला ती जवळपास पडतच नाही. म्हणून ज्यांना वाटतं की नियमांत कशाला अडकायचं, गुपचूप चाललंय ते चालू द्या, त्यांचं मला पटत नाही. ते गुपचूप आपल्यालाच परवडतं.

मुलींचंही असंच. या शहरात बाई रस्त्यावरून जाते ती कुठेतरी पोहोचण्यासाठी. काही कारण नसताना एकटीने एखाद्या बागेत, किनाऱ्यावर, तटाशी रेंगाळणं तिला आजही अवघड जातं. कॉलेजातल्या मुली फोनवर बोलत असल्याचं नाटक करतात. खरं तर रेंगाळायला कारण लागू नये. पण ते दिवस येईपर्यंत हातात एक नोंदलेला खेळ असणं, विचारणाऱ्याला सांगता येईल असं काही असणं, याचा उपयोग आहे. एकीला दोघी, दोघींना चौघी दिसू लागल्या की त्या जागेची सवयच बदलते.

आता सुरक्षेचं बोलू, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर कुणीतरी डबी ठेवताना दिसला. संशय आला, रस्ता बंद झाला, लष्कराच्या पथकाने येऊन ती डबी स्फोटाने नष्ट केली. आत खेळाचं सामान होतं. आपल्याकडे त्याच महिन्यात झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरला खरे स्फोट झाले आणि माणसं मेली. मुंबईत अशी खोटी हाक गेली तर बॉम्बशोधक पथक, श्वानपथक, तासभर अडलेला रस्ता आणि धंदा बुडालेले फेरीवाले असा हिशोब होतो. तो कुणाच्या छंदापायी होता कामा नये. कुणाला न सांगता मुंबईच्या गर्दीत डबी ठेवणं हे मी बेजबाबदार मानते, ठेवणारा कितीही चांगला माणूस असला तरी.

म्हणूनच नोंद हवी. पोलीस ठाण्यात त्या भागातल्या डब्यांची यादी असेल, प्रत्येकीचा आणि तिच्या जागेचा फोटो असेल, राखणदाराचा फोन नंबर असेल, तर फोन आल्यावर ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला लगेच पडताळता येईल. इथे एक शंका रास्त आहे: नोंदलेल्या डबीच्या जागी कुणी दुसरंच काही ठेवलं तर? किंवा खेळाची डबी समजून लोकांनी संशयास्पद वस्तू कळवायचीच सोडली तर? यावर माझं उत्तर असं की डबी पारदर्शक हवी, मुठीत मावेल एवढीच हवी, आणि फोटोशी जरा जरी जुळली नाही तरी ती बेवारसच धरावी. पोलिसांना वाटलं तर त्यांनी ती कधीही, कुणाला न विचारता उचलावी, त्यावर राखणदाराचा काही दावा नसावा. आणि जिथे गर्दी असते तिथे डबी मुळातच नको. रेल्वे स्थानकं, पूल, बसथांबे, बाजार, विमानतळाचा परिसर, बंदर, नौदलाची हद्द, सरकारी कचेऱ्या, शाळा, देवळं-मशिदी-चर्च यांच्या आसपास एकही नाही. या छंदाची स्वतःची नियमावलीही अशा बहुतेक जागांपासून दूर राहायला सांगते.

निसर्गाची हद्दही तितकीच कडक हवी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे बिबट्यांचं घर आहे, तिथे वाट सोडून शोधाशोध नको. तिवरांना मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून संरक्षण दिलं आहे, त्यांच्या चिखलात पाय घालायचं कारण नाही. झाडाला खिळा ठोकायचा नाही. किल्ल्याच्या चुन्याच्या बांधकामातल्या फटीत काही खुपसायचं नाही, कारण एकाने फट रुंदावली की पुढचा ती आणखी रुंदावतो. एका लोकप्रिय डबीमुळे गवतात नवी पायवाट पडते, हे जगभर दिसलं आहे. तशी पडू लागली की राखणदाराने डबी हलवावी. परदेशातल्या अनेक उद्यान खात्यांनी हे अनुभवातून शिकून परवान्याची पद्धत लावली. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांच्या उद्यानांत अर्ज करावा लागतो, जागा ठरवून दिली जाते. छंद त्याने मेला नाही.

मुंबईत अर्ज करायचा तर तो कुणाकडे, ही मोठी अडचण आहे. पायाखालची जमीन कुणाची हे इथे सहजी कळतच नाही. बाग महापालिकेची, तिच्यावरची टेकडी पुरातत्त्व खात्याची, पलीकडचा किनारा बंदर प्राधिकरणाचा, तिवरं वनखात्याची, मिठागरं केंद्र सरकारची, मधली पट्टी रेल्वेची. शिवडीच्या किल्ल्यावरून खाडीतले रोहित पक्षी पाहताना नजर किती हद्दी ओलांडते! सामान्य माणूस या जंजाळात परवानगी मागायला निघाला तर थकून घरी बसेल किंवा न विचारता डबी ठेवून येईल. आज दुसरं घडतं.

म्हणून मी फक्त महापालिकेच्या बागांपासून सुरुवात करा म्हणते. वॉर्ड ऑफिसात, उद्यान खात्याकडे एक पानी अर्ज. त्यावर राखणदाराचं नाव-पत्ता, जवळ राहणाऱ्या आणखी एका माणसाचं नाव, जागेचा आणि डबीचा फोटो. उत्तराला महिन्याची मुदत. होकार आला की नोंद क्रमांक मिळावा आणि तो डबीवर लावावा, सोबत मराठी, हिंदी, इंग्रजीत मजकूर: हा खेळाचा डबा आहे, आत वही आहे, शंका असल्यास या नंबरवर फोन करा. यादीची प्रत पोलीस ठाण्यात, दुसरी बागेच्या चौकीत. माळीदादांना आणि सफाई कामगारांना डबी आधी दाखवावी, कारण ती सगळ्यात आधी त्यांच्याच हाती लागणार आहे आणि त्यांच्याशी ओळख झाल्याशिवाय कुठलीही डबी टिकणार नाही. परवानगी वर्षाची, नूतनीकरण दर मे महिन्यात.

महापालिकेला याहून मोठी कामं आहेत, हे मला मान्य आहे. बागांतली स्वच्छतागृहं धड नाहीत, मैदानांवर डोळा ठेवणारे पुष्कळ आहेत. पण हास्यक्लबला आणि योगवर्गाला बागेत जागा मिळते, चित्रीकरणासाठी राज्यात एक खिडकी योजना आहे. एका मुठीएवढ्या डबीला पैसा लागत नाही, बांधकाम लागत नाही, टेंडर लागत नाही. लागतो तो एक अर्ज वाचणारा कारकून आणि सही करणारा अधिकारी. उलट त्या स्वच्छतागृहाची तक्रार करणारा एक नेमाने येणारा माणूस त्या बागेला मिळतो.

आणखी एक आक्षेप मला गंभीर वाटतो. या छंदाची सगळ्यात मोठी यादी सिएटलच्या एका खासगी कंपनीकडे आहे आणि पूर्ण यादी पाहायला पैसे भरावे लागतात. आपल्या शहरातल्या सार्वजनिक जागांचा खेळ परक्या कंपनीच्या खात्यावर का असावा? असू नये. जर्मनी आणि पोलंडमध्ये स्वयंसेवकांनी चालवलेल्या खुल्या याद्या आहेत. मुंबईची नोंद महापालिकेची असेल तर तीच आपली खुली यादी होईल, फुकट आणि मराठीत. कंपनीच्या यादीतही हव्या त्याने डबी घालावी, त्याला आडकाठी नको. मराठीचा आग्रह मी जाणूनबुजून धरते आहे. आज मुंबईतल्या डब्यांची वर्णनं आणि कोडी इंग्रजीत असतात, त्यामुळे महापालिकेच्या शाळेतला मुलगा पहिल्याच ओळीला बाहेर पडतो. 'वडाच्या पारंब्यांमागे, पाराच्या सावलीत' असं एखाद्या कोड्यात लिहिलं की ते त्याचं होतं.

वेळ ऑक्टोबरची योग्य. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घट्ट झाकणाच्या डबीतही ओल शिरतेच, मग शाई पसरते, पानं चिकटतात. म्हणून पेन्सिल, म्हणून ओल शोषणारी सिलिकाची पुडी, म्हणून मे महिन्यातच तपासणी. पहिल्या वर्षी एकच विभाग घ्यावा. माझ्या मते एफ उत्तर, म्हणजे माटुंगा-शीवचा भाग. पाच बागांमध्ये जुनी मोठी झाडं आहेत, सकाळ-संध्याकाळ माणसांची ये-जा असते, सगळीकडे पायी जाता येतं. शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याशी नेहरू उद्यान आहे. डबी खाली बागेत ठेवावी आणि कोड्याचं उत्तर शोधायला माणसाला किल्ल्यावर पाठवावं. एकेकाळी इंग्रजांचं परळ बेट आणि पोर्तुगीजांची साष्टी यांमधली सीमा तिथून राखली जात होती, आणि वरून पाहिलं की ती सीमा कुठे असेल याचा अंदाज आजही बांधता येतो. एक वर्ष चालवून पाहावं. किती तक्रारी आल्या, किती डब्या नाहीशा झाल्या, पोलिसांना किती वेळा यावं लागलं, हे विभागाने लिहून ठेवावं आणि जाहीर करावं. आकडे वाईट आले तर बंद करावं, मी विरोध करणार नाही. नेहरू उद्यानातल्या डबीची राखणदार व्हायला मी तयार आहे. अर्ज छापून येईल त्या दिवशी माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून तो शीवच्या बागेसाठी भरेन, आणि दुसऱ्या नावाच्या रकान्यात, त्याची तयारी असली तर, त्या मुलाचं नाव असेल.